काचेवरून थेंब पळतात, मग हेडलाइटवरून का नाही? वॉटर रिपेलंटचं प्रकरण सोप्या भाषेत

जून आला की खड्डे आणि रील दोन्ही एकदमच वर येतात. रील तुम्ही पण बघितलंच असेल, गाडीच्या अर्ध्या काचेला कसलंतरी लिक्विड लावलेलं, अर्धी तशीच ठेवलेली, वरून पाइपने पाणी सोडलंय, एका बाजूला सगळं गढूळ आणि दुसऱ्या बाजूला थेंब असे सुसाट पळतायत की बघतच राहावं, आणि खाली दोनशे कमेंट, "भाऊ लिंक द्या". इथपर्यंत ठीक आहे, रील खोटं नसतं. गंमत पुढे होते. अॅक्सेसरीजच्या दुकानात गेलात की तो म्हणतो, साहेब काचेला करतोच आहे तर हेडलाइटला पण मारून देतो, पावसात उजेड वाढेल. आणि आपण हो म्हणतो, कारण काचेवर चालतं तर हेडलाइटवर का नाही चालणार, असं वाटतं.

तर उत्तर आधीच सांगून टाकतो. पुढच्या काचेला लावा, हायवेला भरपूर जात असाल तर नक्की लावा. हेडलाइटला उजेडासाठी म्हणून लावत असाल तर ते पैसे वाचवा. आरशांवर तर उलटंच काहीतरी हवं असतं. असं का, हे कळायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल, पण अवघड काही नाही.

मुळात काचेला पाणी एवढं चिकटतं कशाला?

काच बनते वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून. तिच्या अगदी वरच्या थरात ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर तोंड करून बसलेल्या असतात आणि पाण्याच्या कणांना या जोड्या फार आवडतात, पाणी येऊन त्यांना धरून बसतं. म्हणून खरोखर स्वच्छ, एकदम कोऱ्या काचेवर पाणी टाकलं तर थेंब होत नाही, ते पसरतं आणि सपाट पातळ थर होतो. आता तुम्ही म्हणाल आमच्या गाडीच्या काचेवर तर थेंबही असतात नि ओघळही असतात. बरोबर, कारण तुमची काच स्वच्छ नाहीये. पुढच्या ट्रकचा डिझेलचा धूर, डांबराचे बारीक शिंतोडे, वायपरच्या रबराचा काळा, गेल्या दिवाळीत बॉनेटला केलेल्या पॉलिशचा उडालेला मेणकटपणा, हे सगळं मिळून काचेवर तेलकट नकाशा तयार झालेला असतो. एका ठिकाणी पाणी पसरतं, शेजारीच गोळा होतं, आणि मग वायपर फिरला की समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात नुसत्या रेघा रेघा दिसतात. पावसात समोरचं न दिसण्याचं निम्मं कारण पाऊस नसून हा तेलकटपणा असतो असं माझं मत आहे.

वॉटर रिपेलंट, ज्याला बाटलीवर हायड्रोफोबिक लिहिलेलं असतं म्हणजे पाणी झटकणारं, ते काय करतं, तर काचेवरच्या त्या जोड्यांना एका टोकाने घट्ट धरतं आणि बाहेरच्या बाजूला असं टोक ठेवतं जे पाण्याला अजिबात जवळ करत नाही. ही रसायनं मुख्यतः दोन घराण्यांतली, एक सिलिकॉनवाली आणि दुसरी फ्लोरिनवाली. या कामाचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे रेन-एक्स, ते अमेरिकेत १९७०च्या दशकात बाजारात आलं आणि ते सिलिकॉनच्या घराण्यातलं. म्हणजे आज 'नॅनो टेक्नॉलॉजी' म्हणून जे विकतात त्याची मूळ कल्पना पन्नास वर्षांची आहे. थर मात्र खरंच नॅनो असतो, आपल्या केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ, म्हणून तो दिसत नाही आणि म्हणूनच फार टिकतही नाही.

अळूच्या पानासारखी काच का नाही बनवत?

अळूच्या पानावर पाणी टाकून बघा, मोती घरंगळावा तसा थेंब इकडून तिकडे पळतो, पान ओलं होतच नाही. हे मोजायची एक साधी पद्धत आहे, थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथे तो किती अंशांचा कोन करतो ते बघायचं. पसरलेलं पाणी म्हणजे कोन कमी, गोल थेंब म्हणजे कोन जास्त. स्वच्छ काचेवर हा कोन ३० अंशांच्या आतच राहतो, रिपेलंट लावल्यावर साधारण १०० ते ११० होतो, आणि अळूवर, कमळावर तो १५०च्या वर जातो.

मग काचेवर १५० का नाही करत? कारण सपाट पृष्ठभागावर रसायन कितीही भारी वापरा, कोन साधारण १२०च्या पुढे जातच नाही. अळूचं, कमळाचं पान तिथे पोचतं ते त्याच्यावरच्या अतिशय बारीक उंचवट्यांमुळे आणि त्यावरच्या मेणामुळे, थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर बसतो आणि खाली हवा राहते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी क्रिस्तोफ नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाबद्दलचा हा खुलासा १९९७ साली शोधनिबंधात मांडला आणि तेव्हापासून सगळं जग असे पृष्ठभाग बनवायच्या मागे लागलं. पण गाडीच्या काचेचं दुखणं असं की उंचवटे असले की उजेड विखुरतो, काच दुधी दिसायला लागते, आणि ते उंचवटे इतके नाजूक की वायपरचे थोडे फेरे झाले की संपले. म्हणून कुठल्या व्हिडिओत काचेवरचा थेंब अळूवरच्या सारखा टम्म गोल दिसला तर समजा की तो नजारा व्हिडिओपुरता आहे, तुमच्या काचेवर तो अळवावरच्या पाण्याइतकाच टिकणार.

थेंब झाला, पण तो जाणार कुठे?

इथेच सगळी मेख आहे, आणि दुकानदार हे कधी सांगत नाही. रिपेलंट पाणी घालवत नाही. ते पाण्याची पकड ढिली करतं, बस. घालवायचं काम वाऱ्याचं, किंवा थेंब मोठा असेल तर त्याच्या स्वतःच्या वजनाचं. रीलमध्ये पाइपचं पाणी असतं, थेंब जाडजूड असतात, ते आपल्या वजनाने खाली पळतात म्हणून भारी दिसतं. रिमझिम पावसातला बारीक थेंब मात्र पळत नाही, त्याच्या वजनापेक्षा काचेची उरलीसुरली पकड जास्त भरते, तो जिथे पडला तिथेच बसून राहतो.

वाऱ्याचं गणित पण बघा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २० च्या स्पीडवरून ८० ला गेलात तर वेग चौपट झाला पण वाऱ्याचा रेटा सोळा पट झाला. म्हणून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट पट्ट्यात तुम्ही कायद्याच्या १०० च्या मर्यादेत छान चाललात की थेंब सरसर वर चढून छपरावरून निघून जातात, वायपर कमी स्पीडवर ठेवला तरी भागतं, कधीकधी तर बंद करून बघावासा वाटतो. साधारण साठ-सत्तरच्या पुढे हा खेळ नीट सुरू होतो. काच किती कललेली आहे यावर पण बरंच आहे, सेडानची काच कललेली म्हणून वारा तिच्यावरून सरकत जातो आणि थेंबांना सोबत नेतो, बोलेरो किंवा ट्रकच्या उभ्या काचेवर तोच वारा अडून बसतो, तिथे मजा कमी.

आणि शहरात? रात्रीची वेळ, बारीक पाऊस, सिग्नलला थांबलाय, रिपेलंट लावलेल्या काचेवर बारीक बारीक शेकडो थेंब उभे आहेत आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक छोटं भिंग, समोरच्या रिक्षाचा लाल लाइट त्या प्रत्येकात वेगवेगळा दिसतोय. साध्या काचेपेक्षा हे जास्त त्रासदायक आहे, उगाच का खोटं बोलू. उपाय सोपा आहे, वायपर फिरवायचा, पण "वायपरची गरजच नाही" असं बाटलीवर लिहिलेलं असतं त्याच्यावर विश्वास ठेवून लोक वायपर बंद ठेवतात आणि डोळे बारीक करून गाडी चालवतात. ज्यांची गाडी रोज घर ते ऑफिस गर्दीतून चाळीसच्या आतच चालते त्यांनी रिपेलंट नाही लावलं तरी काही बिघडत नाही, त्याच पैशात वायपरची नवी रबरं येतील आणि फरक जास्त पडेल.

लावल्यापासून वायपर थडथड करतो त्याचं काय?

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. वायपरचं रबर काचेवर घासत नाही, ते खरं तर पाण्याच्या पातळ थरावरून घसरत जातं, पाणीच त्याचं वंगण. रिपेलंटने तो थर तोडला, पाणी थेंबाथेंबात गेलं, मधली काच कोरडी राहिली, की रबर कोरड्यावर अडकतं आणि ओल्यावर सुटतं, अडकतं नि सुटतं, तीच थडथड. रबर जुनं, कडक झालेलं असेल किंवा वायपरचा दांडा जरा वाकलेला असेल तर आवाज आणखी जोरात. बऱ्याचदा मात्र कारण याहून साधं असतं, लिक्विड लावल्यावर जास्तीचं नीट पुसून काढलेलं नसतं. वरचा चिकट, धुरकट थर तसाच राहिला की रबर त्याला अडकतं आणि रात्री समोरून उजेड आला की काचेवर तुपकट झाक दिसते. एक ओलं फडकं, मग एक कोरडं मायक्रोफायबरचं फडकं, जरा जोर लावून, एवढ्यानेच निम्म्या तक्रारी मिटतात.

आता मुख्य मुद्दा, हेडलाइट

जुन्या अँबॅसिडर, पद्मिनीचे हेडलाइट काचेचे होते. आताचे नाहीत. अमेरिकेत १९४० पासून सगळ्या गाड्यांना ठरावीक मापाचा बंद काचेचा हेडलाइटच लावायचा असा नियम होता, तो १९८३ साली सैल झाला आणि १९८४च्या लिंकन मार्क सेव्हन गाडीपासून तिथे प्लास्टिकचे, गाडीच्या तोंडाला साजेल त्या आकाराचे हेडलाइट सुरू झाले. हे प्लास्टिक म्हणजे पॉलीकार्बोनेट. हलकं, दगड बसला तरी सहज फुटत नाही, हवा तसा आकार देता येतो. दोन खोडी मात्र आहेत, त्याला ओरखडे लगेच पडतात आणि उन्हातल्या अल्ट्राव्हायलेट किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कंपनी त्याच्यावर एक कडक पारदर्शक लेप देते आणि खरं सगळं रक्षण तोच करत असतो.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, काचेच्या रिपेलंटला धरून बसायला काचेवर ज्या जोड्या मिळतात तशा प्लास्टिकवर फारशा मिळत नाहीत, म्हणून काचेसाठीची बाटली हेडलाइटवर फार दिवस टिकत नाही. दुसरी, त्यातली अल्कोहोल आणि इतर द्रावकं पॉलीकार्बोनेटला मानवतीलच असं नाही, ताण असलेल्या ठिकाणी बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडू शकतात, म्हणून बाटलीवर 'प्लास्टिकसाठी चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हेडलाइटपासून लांब ठेवा. तिसरी गोष्ट उजेडाची, आणि तीच खरी.

विंडशील्डमधून तुम्ही बघता, हेडलाइटमधून उजेड बाहेर जातो. हेडलाइटच्या डिपरला वरच्या बाजूला एक कापल्यासारखी रेघ असते, भिंतीसमोर गाडी उभी करून बघा, खाली उजेड आणि वर अंधार, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मुद्दाम केलेली. आता हेडलाइटवर गोल गोल थेंब उभे केलेत तर प्रत्येक थेंब उजेडाला वेगळ्या दिशेला वाकवतो, थोडा वर, थोडा बाजूला, ती रेघ पुसट होते, रस्त्यावर पडायचा उजेड कमी होतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जायचा वाढतो. त्याऐवजी पाण्याचा सपाट पातळ थर असेल तर उजेड जवळजवळ सरळच निघून जातो. म्हणजे हेडलाइटवर पाणी गोळा होण्यापेक्षा पसरलेलं बरं, विंडशील्डच्या बरोब्बर उलट! तिथे वायपर नाही, आतून कोणी बघत नाही, आणि गाडीच्या तोंडाशी वारा आपटून दबतो, त्यामुळे छोटे थेंब हलवायला तो फारसा कामाला येत नाही.

"पण मी लावलंय आणि मला फरक जाणवतो" असं काहीजण म्हणतील. असू शकतं, कारण लावायच्या आधी तुम्ही हेडलाइट घासून साफ केले होते. फरक त्या साफसफाईचा. चिखलाचा थर उजेड खातो, पाण्याचा नाही. युरोपातल्या नियमांत जास्त ताकदीच्या, म्हणजे २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्याचा डिपर असेल तर हेडलाइट धुवायची सोय गाडीत असलीच पाहिजे असं आहे, पाणी झटकणारा लेप हवा असं नाही. यावरून काय महत्त्वाचं ते कळतं. रिपेलंटचा इथे एकच प्रामाणिक फायदा, चिखल आणि किडे जरा कमी चिकटतात आणि धुताना लवकर निघतात. तेवढ्यासाठी प्लास्टिकला चालणारं लावायचं असेल तर खुशाल लावा.

मग पावसात उजेड कमी का पडतो?

कारण रस्ता ओला असतो. कोरडं डांबर खरखरीत, त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा परत तुमच्याकडे येतो म्हणून रस्ता दिसतो. ओल्या डांबरावर पाण्याचा सपाट थर असतो, उजेड त्याच्यावरून घसरून पुढेच निघून जातो, समोरच्याच्या डोळ्यात, तुमच्याकडे परत फारच थोडा येतो. तुमचा हेडलाइट तेवढाच पेटलेला असतो पण वाटतं की बंदच आहे. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांत काचेचे बारीक मणी असतात, ते उजेड परत फेकतात म्हणून पट्टे चमकतात, पण मणी पाण्याखाली गेले की तेही काम बंद पडतं. वरंध्यात किंवा तामिणीत रात्री पावसात पट्टा एकदम गायब झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. यावर कुठल्याच बाटलीत औषध नाही, स्पीड कमी करणं हेच आहे.

अप्पर मारून पण काही होत नाही, हवेतले थेंब आणि धुकं तोच उजेड तुमच्याच डोळ्यात परत टाकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकडे असलेलं एक छोटं चाक असतं बघा, बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून त्याला हात लावलेला नसतो, ते हेडलाइटची उंची खाली करायला असतं. मागे चार माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड झाडांवर पडतो, तेव्हा ते चाक फिरवा, रिपेलंटपेक्षा हजार पटीने फायदा, आणि फुकट.

पिवळे पडलेत, टूथपेस्टने घासू का?

घासा, चमकतील, पण काय केलंत ते कळून घासा. टूथपेस्टमध्ये बारीक खरखरीत पावडर असते, ती वरचा खराब झालेला पिवळा थर खरवडून काढते. त्याच्याबरोबर कंपनीचा उरलेला रक्षक लेपही जातो, म्हणजे आता प्लास्टिक उघडं पडलं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पहिल्यापेक्षा लवकर पिवळं होणार. खोबरेल तेल लावून पण दोन दिवस छान दिसतं, मग त्याच्यावर धूळ बसते. नीट करायचं तर पाणी लावून बारीक होत जाणारे पॉलिश पेपर, मग पॉलिश, आणि शेवटी अल्ट्राव्हायलेट अडवणारा क्लिअर कोट, ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि स्वस्तात करून देणारे नेमकी तीच गाळतात. विचारून घ्या. "वॉटर रिपेलंट मारलंय ना वरून" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही, पाणी झटकणं आणि ऊन अडवणं ही वेगवेगळी कामं आहेत.

आरशांचं उलटं गणित

बाजूच्या आरशांवर वारा सरळ लागतच नाही, आरसा कवचाच्या मागे लपलेला, आणि वायपरही नाही. रिपेलंट लावलं की थेंब बसतात ते बसतात. म्हणून काही कंपन्या कारखान्यातूनच आरशांना पाणी पसरवणारा, ज्याला हायड्रोफिलिक म्हणतात तो, लेप देतात. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तोच पांढऱ्या रंगात घालतात तो. त्याच्यावर अल्ट्राव्हायलेट किरण पडले की पाणी थेंब न होता सपाट पसरतं, हे जपानी संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' मासिकात मांडलं, त्यात टोटो ही संडास-बेसिन बनवणारी कंपनी होती, कारण त्यांना स्वतःहून साफ होणाऱ्या फरशा हव्या होत्या. पाणी सपाट पसरलं की आरशात आरपार दिसतं, थोडं हलल्यासारखं दिसतं पण मागचा ट्रक ट्रकच दिसतो.

आणि आता आपल्या ट्रक ड्रायव्हर लोकांची युक्ती आठवा, काचेवर कापलेला बटाटा घासायचा, तंबाखू चोळायची, नाहीतर शाम्पूचं पाणी मारायचं. शहरातले लोक हसतात, पण ही युक्ती याच जातीची आहे, बटाट्याचा स्टार्च किंवा शाम्पूचा साबण काचेवर राहिला की पाणी पसरतं, थेंब उभे राहत नाहीत. उभ्या काचेच्या, कमी वेगाने घाट चढणाऱ्या ट्रकला पाणी पळवण्यापेक्षा पसरवणंच योग्य. टिकतं मात्र एखाद-दुसऱ्या सरीपुरतं. डिझेलचं फडकं काचेवर फिरवतात ते मात्र अजिबात करू नका, रात्री नुसता इंद्रधनुष्यी तेलकटपणा.

आतून काच धुरकट होते त्याला चालेल का?

नाही. ती वाफ तुमच्या श्वासातली आणि ओल्या छत्र्यांची आहे, थंड काचेवर बसते. आतून रिपेलंट लावलं तर बारीक थेंब आणखी घट्ट बसतील. आत हवं अँटीफॉग, ते पाणी पसरवणाऱ्या गटातलं. त्याहून सोपं म्हणजे एसी चालू करून हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत घ्या. लोणावळ्यात कधी काच बाहेरून धुरकट होते, तेव्हा उलटं झालंय, एसीने काच गार पडलीय, वायपर एकदा फिरवा आणि एसी थोडा कमी करा.

लावायचं तर कसं, आणि टिकतं किती?

लावण्याला पाच मिनिटं लागतात, तयारीला अर्धा तास. सावलीत, काच गार असताना. आधी साबणाने धुवा, मग काचेचा पॉलिश घेऊन घासा आणि पाणी टाकून बघा, पाणी सगळीकडे सारखं पसरलं तर काच तयार, कुठे फाटल्यासारखं तुटलं तर तिथे अजून तेल आहे, परत घासा. ही एक चाचणी केलीत तर बाकी सगळं आपोआप जमतं. मग पूर्ण कोरडी करून थोडं लिक्विड फडक्यावर घ्या, गोल गोल चोळा, काही मिनिटांत पांढुरकी झाक येते, ती आली की पुसून टाका. दुसरा हात मारला तर जास्त चांगलं. बॉनेट आणि वायपरवर फडकं टाकून ठेवा.

टिकण्याचं म्हणाल तर सिलिकॉनवालं पावसाळ्यात काही आठवडे ते दोनेक महिने, फ्लोरिनवालं त्याहून बरंच जास्त. "पाच वर्षं गॅरंटी" ऐकलं की मला हसू येतं, कारण वायपर जिथे फिरतो तिथे लेप सगळ्यात आधी जातो आणि कडेला राहतो, काही दिवसांनी काचेवर वायपरचा पंखा उमटलेला दिसतो. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारे दादा. बादली एक, फडकं एक, गाड्या बारा, त्या फडक्यात इतकी धूळ असते की काचेवर रोज पॉलिश पेपरच फिरतो. त्यांना पावसाळ्यात निदान पुढच्या काचेला हात लावू नका म्हणून सांगा. बोअरच्या पाण्याने गाडी धुवून तशीच उन्हात सोडू नका, थेंब जागच्या जागी वाळतो आणि क्षाराचा पांढरा गोल मागे राहतो, रिपेलंट असलेल्या काचेवर तर पाणी थेंबातच उभं असतं म्हणून गोल जास्त ठळक.

ऑटो वायपरवाल्यांचा प्रश्न असतो की सेन्सर बिघडेल का. बिघडत नाही. गाडीच्या आतल्या आरशामागचा तो सेन्सर काचेत इन्फ्रारेड उजेड सोडतो आणि किती परत येतो ते बघतो, बाहेर पाणी असलं की कमी येतो. गोल थेंब काचेला कमी जागेत टेकतो, म्हणून सेन्सरला पाऊस आहे त्यापेक्षा कमी वाटू शकतो, सेटिंग एक घर वाढवा की झालं. आणि पोलिसांची काळजी करणाऱ्यांसाठी, नियम काचेतून किती उजेड आत येतो त्याचा आहे, पुढच्या-मागच्या काचेला ७० टक्के आणि बाजूच्यांना ५०, काळ्या फिल्मवरून भानगड होते ती त्यामुळे. हा लेप उजेड अडवतच नाही.

फ्लोरिनवालं जास्त टिकतं, मग तेच घ्यावं का?

इथे मी जरा थांबेन. जास्त टिकणारी फ्लोरिनची ही रसायनं पीफास नावाच्या मोठ्या कुटुंबातली असतात, ज्यांना 'फॉरेव्हर केमिकल्स' म्हणतात कारण ती निसर्गात विघटित व्हायला अतिशय वेळ घेतात. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी २०२३च्या जानेवारीत युरोपात या सगळ्या कुटुंबावर निर्बंध आणायचा प्रस्ताव दिला, आणि ही रसायनं बनवणाऱ्या थ्रीएम या अमेरिकी कंपनीने २०२२च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की २०२५ अखेर आपण पीफास बनवणं थांबवू. काचेवरचं पाणी झटकणारी रसायनं पर्यावरणाच्या नियमात अडकायची ही पहिली वेळ नाही, बोइंगच्या विमानांत वैमानिक मुसळधार पावसात बटण दाबून काचेवर रेनबो नावाचं लिक्विड फवारायचे, त्यात ओझोन खाणारं सीएफसी होतं म्हणून ते गेलं आणि कायमचा लेप दिलेल्या काचा आल्या. एका गाडीच्या काचेला लागतं ते चमचाभर, घाबरून जायचं कारण नाही, पण जे लावतो ते वायपरने घासून शेवटी रस्त्याच्या गटारातच जातं. मी स्वतः सिलिकॉनवालं घेतो आणि पावसाळ्यात दोन-तीनदा लावतो, कष्ट थोडे जास्त, बाकी काही नाही.

आणि टू-व्हीलरवाल्यांसाठी

हेल्मेटचा व्हायझर पण पॉलीकार्बोनेटच असतो, म्हणजे हेडलाइटचे नियम त्याला लागू, काचेची बाटली किंवा अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे त्याला लावू नका, साधं साबणपाणी आणि मऊ फडकं. फरक एवढाच की व्हायझरमधून तुम्ही बघता आणि मान थोडी वळवली की वारा थेंब उडवतो, म्हणून प्लास्टिकला चालणारं रिपेलंट इथे खरंच उपयोगी पडतं, हेडलाइटपेक्षा शंभर पट. बाहेरून रिपेलंट, आतून अँटीफॉग, उलटं करू नका. आणि व्हायझरवर ओरखडे पडलेले असतील तर लेप-बिप राहू द्या, नवा व्हायझर घ्या, रात्रीच्या पावसात त्या ओरखड्यांतून समोरचा उजेड फुटतो तो कुठल्याच लिक्विडने जात नाही.